खाजनाचा कायदा आणि पणजीचे पाणी

मिरगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या की पणजीत मळा, सांतिनेज, पाटो या भागांतल्या रस्त्यांवर पाणी चढते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि चर्चा नेहमीच्या जागी येऊन थांबते: गटारे वेळेवर उपसली नाहीत. ही तक्रार खरी असतेच. पण गटार हा पाण्याच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा. त्याच्या अगोदरचा एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. भरतीच्या वेळी नदी पाणी घ्यायला तयार नसते, तेवढा वेळ हे पाणी थांबणार कुठे?

कुठेही जमीन विकसित करायची तर पावसाच्या पाण्याची सोय आधी दाखवा, अशी अट आजच्या नगरपालिका घालतात. ही अट आधुनिक आहे, बाहेरून आली आहे, असा आपला समज असतो. गोव्यात तरी तसे नाही. जमीन तयार करणाऱ्याने पाण्याची जबाबदारी घ्यावी हा नियम इथे नगरपालिकांच्या कितीतरी शतके आधीपासून होता, आणि तो खाजनात जन्मला. त्या नियमाचे पुढे काय झाले, तो कुठे निसटला, हे पाहिल्याशिवाय पणजीचे पाणी समजणार नाही.

आधी भूगोल. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दुसरीकडे समुद्र दिवसातून दोनदा नद्यांतून आत येतो. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक दोन मीटरच्या वर जातो. मांडवी आणि जुवारीच्या काठची सखल जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. म्हणजे इथे पाणी दोन बाजूंनी येते, वरून गोडे आणि खालून खारे. दोन्ही एकाच वेळी आली की सखल भागाला सुटका नाही.

अशा जमिनीवर आपल्या लोकांनी भात पिकवले. बांदोड्याला सापडलेला, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मन राजाचा ताम्रपट फार जुना आहे. त्यात 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे आणि ती जमीन बांध घालून भातशेतीखाली आणण्याचा संदर्भ आहे. हेच आपले खाजन. ज्याला जमीन मिळाली त्याला बांधही घालायचा होता. जमीन आणि बांध ही दोन वेगळी प्रकरणे नव्हतीच.

खाजनाची रचना एकदा नीट समजून घेतली पाहिजे. नदीच्या बाजूला चिखल, चिरे, पेंढा यांचा जाड बांध. बांधाबाहेर लाटांचा मार झेलायला खारफुटी. बांधात मधूनमधून मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी दाबते आणि झडप उघडते. मानशीच्या आतल्या बाजूला पोंय, म्हणजे खोलगट तळे आणि त्याला जोडलेले पाट. पोंयीच्या पलीकडे मेरा घातलेली शेते, त्यांत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात. शेतांच्या वर खेर, त्याच्या वर मोरड, आणि सगळ्यांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा.

आता मुसळधार पावसात काय होत असे ते पाहा. भरती असल्यामुळे मानस बंद. सड्यावरून, डोंगरावरून पाणी खाली येते आहे. बाहेर जायला वाट नाही. अशा वेळी ते पोंयीत भरते, पाटांत भरते, मग शेतात पसरते. काही तास ते तिथे थांबते. ओहोटी लागली की मानस उघडते आणि पाणी नदीला मिळते. पुन्हा भरती, पुन्हा थांबणे. पूर्ण चक्र सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा फिरते. आजचे अभियंते ज्याला पाणी धरून ठेवण्याचा तलाव म्हणतात, तो तलाव आपल्याकडे भात पिकवत होता आणि मासळीही देत होता.

पण झडप लाकडाची आणि बांध मातीचा. दरवर्षी डागडुजी न केल्यास दोन-चार पावसाळ्यांत सगळे वाहून जाईल. म्हणून या रचनेला माणसांची शिस्त लागत होती, आणि ती गावकरीने दिली. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज नोंदवून ४९ कलमांचा फोराल तयार केला. त्याच्या सुरुवातीलाच गावकरांच्या मूळपुरुषांची हकीकत आहे. ओसाड बेटावर चार माणसे गेली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, म्हणून ती गावकर झाली. राज्यकर्त्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेला हा दस्तऐवज आहे, तो तशा दृष्टीनेच वाचावा लागतो. तरीही जमिनीवरचा हक्क ती जमीन घडवण्याच्या कष्टातून येतो, ही कल्पना त्याने मान्य केली होती हे महत्त्वाचे.

खाजनातल्या शेतकऱ्यांचे मंडळ असे. त्याला 'बौस' म्हणत. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा बांधाच्या खर्चातला वाटा. बांधाला भगदाड पडले तर कोणाच्या शेतासमोर पडले हा प्रश्न गैरलागू होता, कारण एका जागी फुटलेला बांध सगळ्यांचीच शेते खारी करतो. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होत असे आणि त्या पैशांतून बांध राखला जाई. आजच्या भाषेत सांगायचे तर पाणी सांभाळण्याच्या यंत्रणेला स्वतःचे उत्पन्न होते. एकालाच आपल्या शेतात भर टाकून ते उंच करता येत नसे. त्याने अडवलेले पाणी शेजाऱ्याच्या भातावर चढेल, हे सगळ्यांना दिसत होते.

हे चित्र रंगवताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गावकरी ही काही रामराज्याची व्यवस्था नव्हती. गावकर हा जन्माने गावकर असे आणि स्त्रियांना तिथे स्थान नव्हते. चिखलात उभे राहून प्रत्यक्ष बांध घालणाऱ्या कष्टकऱ्याला गावाच्या निर्णयात आवाज नव्हता. म्हणून ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणा असे म्हणण्यात अर्थ नाही. पण पाण्यापुरते तिने एक गोष्ट पक्की ओळखली होती: नियमाची हद्द पाण्याच्या हद्दीएवढी असली पाहिजे.

आता पणजीकडे वळू. १६३३-३४ साली लिन्यारिशचा काउंट असलेल्या व्हाइसरॉयने पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा सेतू खाजनांतून आणि मिठागरांतून बांधला. आजही आपण त्यावरून जातो. दलदलीतून जाणारा हा रस्ता नुसती भर टाकून केला असता तर पलीकडची शेते बुडाली असती. म्हणून पाणी जायला त्यात कमानी ठेवल्या. रस्ता बांधणाऱ्याला पाण्याची वाट सोडावी लागली.

जुन्या गोव्याची साथींनी वाताहत झाल्यावर १७५९ साली व्हाइसरॉयचे वास्तव्य पणजीच्या आदिलशाही वाड्यात आले. तेव्हा पणजी म्हणजे वाळूचे ढीग, माडांची भाटे, दलदल आणि आल्तिनचा डोंगर. आज दिसणाऱ्या शहराची घडण प्रामुख्याने दों मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रु याच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२७ ते १८३५ या काळात झाली. त्याने वाळूचे उंचवटे सपाट केले, दलदली बुजवल्या, सरळ रस्ते आखले, मोठ्या सरकारी इमारती उभारल्या. १८४३ साली पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली.

म्हणजे पणजी भर टाकूनच उभी राहिली, हे खरे. मग आजच्या भरावाला नावे का ठेवायची? फरक आहे तो प्रमाणाचा आणि वाटेचा. तेव्हा शहर लहान होते. पूर्वेला ओरेमची खाडी मोकळी होती आणि आल्तिनच्या उतारावरचे पाणी मळा, फोंतांयनशमार्गे तिच्यात जात होते. पश्चिमेला सांतिनेजची खाडी मोकळी होती. तिच्या मागे ताळगावची विस्तीर्ण शेते होती. शहराभोवतीची खाजने शाबूत होती. आल्तिनच्या पायथ्याची भर पडली तरी पाण्याला थांबायला आजूबाजूला भरपूर जागा शिल्लक होती. शहर शेतांच्या जिवावर कोरडे राहत होते, आणि त्याबद्दल शेतांना त्याने कधी काही दिले नाही.

मुक्तीनंतर जमिनीचे कायदे बदलले. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा मार्ग खुला झाला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. बांध राखण्याची सामुदायिक जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांकडे आली. त्यासाठी १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले आणि कूळ संघटना स्थापन झाल्या. कागदावर साखळी तुटली नाही. पण शेती परवडेनाशी झाली, तरुण नोकरीला गेले. काही ठिकाणी मानशीच्या मासळीचा लिलाव तेवढा उरला. बांध फुटला, शेते खारी झाली, पडीक झाली. पडीक शेत पाहणाऱ्याला 'मोकळा प्लॉट' दिसू लागते.

याच काळात नियोजनाचे कायदेही आले. १९६८ चा नगरपालिका कायदा, १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा, १९९४ चा पंचायतराज कायदा, २०१० ची भूविकास व इमारत बांधकाम नियमावली. नियोजन कायद्याचे १७-अ हे कलम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. डोंगर कापणे आणि सखल जमीन बुजवणे या दोन्ही गोष्टींना ते एकाच कलमात, परवानगीशिवाय मनाई करते. ज्याने हे लिहिले त्याला गोव्याची जमीन कळत होती. सडा पाणी जिरवतो आणि झरींतून हळूहळू सोडतो. शेत उरलेले पाणी धरते. डोंगर कापून ती माती शेतात टाकली की दोन्ही कामे एकाच ट्रकने बंद पडतात.

थोडे गणित करू. एक हेक्टर शेतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे १००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी होते. मेरा २० सेंटिमीटर उंच असतील तर कोरडे शेत २००० घनमीटर पाणी धरू शकते. म्हणजे स्वतःवर पडलेला सगळा पाऊस पोटात घेऊन ते डोंगरावरच्या पाण्यालाही जागा देते. हेच शेत एक मीटर उंच करायला १०,००० घनमीटर माती लागते. त्यावर छपरे आणि काँक्रीट आले की पावसाचा साधारण नव्वद टक्के भाग लगेच वाहू लागतो. म्हणजे ९ लाख लिटर, १०,००० लिटरचे ९० टँकर. शिवाय डोंगरावरच्या पाण्याला पूर्वी मिळणारी जागाही गेली. ते पाणी जुन्या, खालच्या पातळीवर असलेल्या शेजाऱ्याच्या अंगणात जाते. गटार कितीही साफ असले तरी भरती चालू असताना त्याचे तोंड नदीच्या पाण्याखाली असते.

नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि देश हादरला. त्यानंतर २०१० साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शहरी पुरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१९ साली केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने पर्जन्यजल निचऱ्याची दोन खंडांची पुस्तिका काढली. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागू झाली. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत तर गोव्यासाठी खास तरतूद होती: खाजनांचे नकाशे करावेत, तिथली खारफुटी राखावी आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये.

मग घोडे पेंड कुठे खाते? माझ्या मते मापात. आजचा प्रत्येक नियम प्लॉटकडे पाहतो. प्लॉटच्या आत गटार दाखवले, खड्डा दाखवला, नकाशावर शिक्का बसला. प्लॉटच्या कुंपणाबाहेर पाणी कुठे गेले याचे उत्तर त्या फायलीत नसते. वीस हजार चौरस मीटरखालची दहा बांधकामे शेजारी शेजारी झाली तर प्रत्येक जण उंबरठ्याखाली राहतो, आणि पाणी मात्र दहांचे मिळून वाहते. व्याख्यांचीही गंमत आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून भातशेती आणि मीठ किंवा मत्स्यशेतीसाठी माणसाने केलेल्या जागा वगळल्या आहेत. खाजन म्हणजे नेमके हेच तिन्ही. माणसाने घडवले म्हणून ते त्या संरक्षणातून निसटते.

सांतिनेजची खाडी हे याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण. तिला पाणी येते ते बरेचसे ताळगावच्या बाजूने, आणि ती कांपालला मांडवीत रिकामी होते. ताळगावात पंचायत, पणजीत महानगरपालिका, वर नियोजन प्राधिकरण, नदीच्या बाजूला आणखी वेगळी खाती. ताळगावच्या शेतात भराव पडला तर परवानगी एका कार्यालयाची आणि पाणी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत. पाणी हद्द ओलांडते, फाइल ओलांडत नाही. 'बौस'च्या सभेला सगळे एकाच बांधाच्या आतले असत; त्यामुळे वर भराव टाकणारा आणि खाली बुडणारा समोरासमोर बसत. आज ते एकमेकांना ओळखतही नाहीत.

बाहेरच्या जगानेही हे अनुभवातूनच शिकले आहे. अमेरिकेत १९८७ साली जलप्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन शहरांच्या पर्जन्यजलासाठी परवाने आले. बांधकामानंतर जागेतून वाहणारा पाण्याचा जोर बांधकामापूर्वीपेक्षा जास्त नसावा, अशी अट तिथल्या अनेक नगरपालिका घालतात. ही अट वाचून आपल्याला नवल वाटायला नको. शेजाऱ्याच्या भातावर पाणी चढवू नकोस, हे खाजनातल्या माणसाला सांगावे लागत नव्हते.

करता येण्यासारखे काय आहे? पहिले म्हणजे, परवानगी देताना प्लॉटबरोबर त्या पाण्याचा पूर्ण मार्ग, सड्यापासून मानशीपर्यंत, एका नकाशावर पाहणे. दुसरे, उरलेली खाजने, पोंयी आणि मानशी यांना शहराची पर्जन्यजल यंत्रणा म्हणून मान्यता देणे. गोव्यातल्या खाजनांचे क्षेत्र साधारण १८,००० हेक्टर सांगितले जाते, म्हणजे राज्याच्या भूभागाच्या जवळपास पाच टक्के. एवढा तलाव नव्याने खणायचा म्हटले तर कुठल्या सरकारला परवडेल? तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत न्याय्य: बांध राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या कामाचा मोबदला. शहरातला नागरिक गटारासाठी कर भरतो. त्याचे घर कोरडे ठेवणाऱ्या शेताच्या मालकाला मात्र आपण भावनिक आवाहने करतो की बाबा रे, शेत विकू नकोस. मानशीच्या लिलावातून बांध राखणाऱ्यांना हे सुचले होते की काम टिकायचे तर त्याला उत्पन्न हवे.

इतिहासाचा उपयोग जुन्या काळाची आरती करण्यासाठी नसतो. पण एखादी जमीन कशी तयार झाली, कोणत्या अटीवर माणसाला मिळाली, हे विसरून तिचा व्यवहार केला तर अट आपल्यासाठी थांबत नाही. बांदोड्याच्या ताम्रपटापासून खाजनाची अट एकच राहिली आहे. समुद्राकडून जमीन घ्यायची तर पाण्याला जागा ठेवायची. ताम्रपट देणारे राजे गेले, फोराल लिहिणारे गेले, पण भरती अजून दिवसातून दोनदा येते.